द्रव्य अक्षय्यतेचा नियम आणि आमचा खड्डा

ज्या माणसाने उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं, त्याला फसवणं शक्य नाही, असं माझं ठाम मत होतं. वाक्याच्या शेवटी ‘होतं’ आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

निवृत्त झालो तरी इमारतीत मला अजून सगळे ‘सर’च म्हणतात. म्हणजे जिन्यात भेटले की म्हणतात. जिना संपल्यावर काय म्हणतात त्याची चौकशी मी करत नाही. पण मुद्दा असा, की मी निवृत्त झालो, नियम निवृत्त झाले नाहीत. नळ गळायला लागला की मला पाण्याचा दाब दिसतो. पंखा कुरकुरला की घर्षण दिसतं. बायको दिसली की उत्कलनबिंदू आठवतो.

तर इमारतीच्या मागे एक कोपरा आहे. तिथे एक जुनं, ऐसपैस झाड, झाडाखाली एक बाक आणि संध्याकाळी त्या बाकावर आमच्या घरातलं आणि शेजारपाजारचं महिला मंडळ. बायकोचे गुडघे तिला त्या बाकापर्यंतच नेतात, त्यापुढे साफ नकार देतात. त्यामुळे बाहेरचं जग म्हणजे तिच्या लेखी तो बाक. आणि नेमका तोच कोपरा आमच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांत भरला. त्यांना तिथे झाड पाडून, सिमेंट ओतून, आपली दुसरी गाडी उभी करायची होती. पहिली गाडी ते चालवतात. दुसरी ते पुसतात.

सभेत हा विषय आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि पर्यावरणावर असा काही बोललो, की मागे बसलेले दोघे जागे झाले! सावली, प्राणवायू, ओला कचरा, सुका कचरा, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी म्हणालो, “त्या झाडाखाली खतासाठी खड्डा करू. इमारतीतला सगळा ओला कचरा तिथे जिरवू. कोपऱ्याचा उपयोगच हवाय ना? हा घ्या उपयोग!”

सेक्रेटरी गोड हसले. गाडी पुसताना हसतात तसे.

“ठीक आहे, सर. पुढच्या सभेपर्यंत खड्डा काठोकाठ भरून दाखवा. भरला, तर झाड राहील. नाही भरला, तर लोकांना तुमच्या कचऱ्यात रस नाही असं समजू आणि सिमेंट ओतू.”

“पुढच्या सभेपर्यंत?” मी म्हणालो. “अहो, त्याच्या आधीच उतू जाईल!”

टाळ्या पडल्या. बायकोने मात्र टाळी वाजवली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. अशा वेळी तिचं बघणं पुढे खरं ठरतं, हा आजवरचा अनुभव आहे.

सुरुवात झकास झाली. खड्डा खणला. घराघरांतून बादल्या यायला लागल्या. कोबीची पानं, अंड्यांची टरफलं, केळ्यांच्या साली, चहाचा चोथा! मी खड्ड्याच्या मधोमध एक काठी रोवली आणि कचऱ्याच्या पातळीशी लाल रंगाची रेघ मारली. शास्त्र म्हटलं की मोजमाप आलंच. संध्याकाळी रेघेपर्यंत कचरा. सकाळी बघतो, तर कचरा रेघेच्या खाली!

पुन्हा भरला. पुन्हा खाली. नवी रेघ मारली. तिच्याही खाली. काही दिवसांत ती काठी इतकी लाल झाली, की लांबून कुणाला वाटावं रस्त्याचं काम चाललंय. आणि खड्डा? तो होता तसाच, आ वासून!

मी विचार करायला बसलो. द्रव्य अक्षय्यतेचा नियम मी पिढ्यान्पिढ्या शिकवला आहे. द्रव्य निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. म्हणजे खड्ड्यात टाकलेला कचरा नाहीसा होऊ शकत नाही. आणि तरी तो खड्ड्यात नाही. याचा अर्थ तो दुसरीकडे कुठेतरी आहे. आणि कचऱ्याला पाय नसतात!

“अगं,” मी बायकोला म्हणालो, “आपला कचरा चोरीला जातोय.”

तिने चष्मा कपाळावर चढवला. “काय जातोय?”

“कचरा. चोरीला. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतंय.”

“शास्त्राला म्हणावं, जरा पडून राहा. ऊन फार झालंय.”

पण माझी झोप उडाली. कचरा चोरणार कोण? ज्याला त्याचा उपयोग आहे तो. उपयोग कुणाला? ज्याच्याकडे बाग आहे त्याला. आणि इमारतीत बाग होती एकाच माणसाकडे. तळमजल्यावर, मागच्या व्हरांड्यात, कुंड्यांच्या रांगाच्या रांगा. तो माणूस म्हणजे आमचे व्याही!

इथे नातं जरा उलगडून सांगतो. सूनबाईंचं माहेर आमच्याच इमारतीत, एक जिना खाली. ती रुसून माहेरी गेली, तर गॅसवरचं दूध उतू जायच्या आत परत येऊ शकते. व्याही जकात खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात दुसऱ्यांच्या पेट्या उघडण्यात गेली. त्यांच्या घरी पाहुणा गेला, तरी आधी त्याच्या पिशवीकडे बघून मग तोंडाकडे बघतात. असा माणूस, आणि त्याच्यावर संशय! पण नियमापुढे व्याही काय आणि विहीण काय!

मी सहज म्हणून चहाला गेलो. कुंड्यांमधले टोमॅटो बघून डोळेच फिरले. एकेक टोमॅटो असा तुकतुकीत आणि गुबगुबीत, की जणू सरकारी नोकरीत कायम झालेला!

“टोमॅटो फारच पुष्ट आलेत यंदा,” मी म्हणालो.

“सगळी आपली कृपा,” व्याही म्हणाले.

मी कप खाली ठेवला. “आमची कृपा? ती कशी काय?”

“म्हणायची पद्धत असते हो.”

“खत कुठलं घालता?”

“घरचंच.”

“कुणाच्या घरचं?”

व्याह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मधल्या टेबलावर चहा गार होत होता.

“सर,” ते सावकाश म्हणाले, “खड्डा कुठपर्यंत आलाय?”

“का विचारताय?”

“सहज.”

“मग मीही सहजच सांगतो. भरत आलाय.”

“असं होय!” ते म्हणाले, आणि ते ‘होय’ त्यांनी इतकं लांबवलं, की त्यातून एखादी पेटी ओढून तपासता आली असती.

त्या ‘होय’ने माझी खात्री पटली. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीत पहारा सुरू केला. खिडकीतून कोपरा स्वच्छ दिसतो. पहारा म्हटला की तरतरी हवी, म्हणून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा सोबतीला घेत असे. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे, पण ती डॉक्टरांच्या दवाखान्यात. तपासकामाला वेगळे नियम असतात.

आणि एका पहाटे दिसलंच! धुक्यातून व्याही चालले होते. हातात बादली. बादलीवर टॉवेल! चाल अशी, की स्वतःच्याच चपलांचा आवाज स्वतःला कळू नये. खड्ड्यापाशी झाडाआड गेले, जरा वेळाने बाहेर आले. बादली हातात, टॉवेल बादलीवर. अहो, रिकाम्या बादलीला कुणी टॉवेल घालतं का?

तरी मी घाई केली नाही. एका निरीक्षणावरून अनुमान काढू नये, हे मीच शिकवलं आहे. दुसऱ्या संध्याकाळी खड्ड्याभोवती पीठ पसरून ठेवलं. सकाळी पाहिलं, तर पिठात पावलं! व्याह्यांचा डावा पाय जरा ओढत पडतो. पिठातलं डावं पाऊलही जरा ओढलेलं. पुरावा पांढऱ्यावर पांढरा, पण स्पष्ट!

“पीठ कुठे गेलं डब्यातलं?” बायकोने विचारलं.

“तपासाला,” मी म्हणालो.

रात्री जेवताना मी विषय काढला. फार जपून काढला. सूनबाई समोर होती, म्हणून नाव घेतलं नाही.

“या इमारतीत,” मी म्हणालो, “एक डावा पाय ओढत चालणारे, जकात खात्यातून निवृत्त झालेले, टोमॅटो लावणारे गृहस्थ आहेत. ते कचरा चोरतात.”

सूनबाईने हातातला घास ताटात ठेवला.

“माझे बाबा कचरा चोरतात?”

“नाव कुणी घेतलं?”

“बाबा, तुम्ही माझ्या बाबांना कचराचोर म्हणालात!”

चिरंजीव ताटात मान घालून जेवत होते. लग्न झाल्यापासून ती त्यांची आवडती मुद्रा आहे. मी म्हणालो, “अरे, तू तरी बोल!” तो म्हणाला, “आमटीत मीठ बरोबर आहे.”

सूनबाई तडक खाली माहेरी गेली आणि दूध उतू गेलं तरी परत आली नाही. सकाळी आली ती निरोप घेऊनच. “आजपासून आमच्या दोन्ही घरांतली एक सालसुद्धा तुमच्या खड्ड्यात पडणार नाही. आईने सांगितलंय.” विहीणबाईंनी बाकावर येणं बंद केलं. त्या नाहीत म्हणून बाकीच्या यायच्या थांबल्या. वरच्या मजल्यांवरच्या असोत की खालच्या, सगळ्यांच्या बादल्याही थांबल्या. बायको एकटीच बाकावर बसून रिकाम्या खड्ड्याकडे बघायची.

“छान भरलात हो खड्डा,” ती म्हणाली. “आता झाड गेलं तरी चालेल. बसायला माणूसच उरलेलं नाही.”

हे मात्र मला लागलं. आता खड्डा भरायलाच हवा होता. मी बाजारात भाजीवाल्यांच्या मागे फिरून कुजकी पालेभाजी गोळा केली. ओळखीचे लोक लांबून हात करून दुसऱ्या गल्लीत वळायला लागले. पोती रिकामी केली, पाणी शिंपडलं, दाबून भरलं. दाबला की कचरा बसायचा, भरला की उतरायचा! आणि पिठात रोज तेच ओढलेलं डावं पाऊल!

सभेचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, हवेत छान गारठा. सेक्रेटरी मोजायची टेप घेऊन आले. अख्खी इमारत मागे जमली. भांडण बघायला माणसं वेळेवर येतात. खड्ड्यात कचरा जेमतेम अर्ध्यावर.

“सर,” सेक्रेटरी टेप खळ्ळकन ओढत म्हणाले, “उतू जाणार होता ना?”

“थांबा!” मी म्हणालो. “कचरा दाबला गेलाय. जरा मोकळा केला की वर येईल.”

मी दाताळं घेतलं आणि खोलवर खुपसून सगळं वर ओढलं. आणि काय सांगू! खड्ड्यातून पांढरा लोट उठला! एक नाही, दोन नाही, जिथे दाताळं लागेल तिथून भसाभसा लोट!

“धूर!” सेक्रेटरी किंचाळले. “आग! आग लागलीय! माझी गाडी! कुणीतरी बंब बोलवा!”

गर्दीतल्या सगळ्यांनी एकदम फोन कानाला लावले. आणि त्याच क्षणी झाडाआडून कोण यावं? व्याही! हातात बादली, बादलीवर टॉवेल!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “पकडा त्यांना!” मी ओरडलो. “आधी माल नेला, आता पुरावा जाळताय!”

“मी जाळतोय?” व्याही दचकले.

“बादलीत काय आहे? रॉकेल?”

“अहो सर, काहीतरी काय!”

“टॉवेल काढा! आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडल्यात ना? आज तुमची बादली उघडा!”

व्याह्यांचा चेहरा पडला. अख्खी इमारत त्यांच्या बादलीकडे बघत होती. तेवढ्यात सेक्रेटरी पुन्हा ओरडले, “अहो, भांडता काय, ओता काहीतरी!” व्याह्यांनी बिचाऱ्यांनी घाबरून ती बादली उचलली आणि टॉवेलसकट आगीवर भिरकावली. पण आगीच्या आणि त्यांच्या मध्ये मी होतो.

ते रॉकेल नव्हतं. दही होतं! आंबट, पातळ, नाकातून थेट मेंदूत जाणारं, न जाणे कधीपासून साठवलेलं दही! त्यात वाळकी पानं! माझ्या चष्म्यावरून ते सावकाश ओघळत होतं. गुरुत्वाकर्षण.

बंब आला. पण आत येईना! मागच्या वाटेवर सेक्रेटरींची दुसरी गाडी, अंगावर आच्छादन घेऊन, आडवी झोपलेली. सभेनंतर लगेच कोपऱ्यात घ्यायची म्हणून त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती. किल्ली सापडेना. जवान खाली उतरले आणि चार जणांनी मिळून ती गाडी ढकलली. सेक्रेटरी मागून धावत होते. “हळू! हळू! कालच पुसलीय!”

जवानांचा अधिकारी खड्ड्यापाशी आला. वाकला. वास घेतला. बाही वर करून सरळ कचऱ्यात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. मग त्याने माझ्याकडे, म्हणजे दह्याकडे, निरखून पाहिलं.

“सर? तुम्ही?”

मी चष्मा पुसला. शेवटच्या बाकावरचा तो! प्रयोगशाळेत शर्टावर मोरचुदाचं द्रावण सांडलं, तेव्हापासून वर्गात त्याला सगळे ‘मोरचूद’ म्हणायचे.

“मोरचूद!” मी म्हणालो. “बरं झालं आलास. आग विझव आधी.”

“सर, ही आग नाही. वाफ आहे.”

“वाफ? कचऱ्याची?”

त्याने टोपी काढून काखेत धरली, टाचा जुळवल्या आणि अगदी शाळेतल्या चालीवर म्हणायला लागला, “सूक्ष्मजीव मृत वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांचे विघटन करतात. या क्रियेत उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. परिणामी अवशेषांचे आकारमान पुष्कळ कमी होते.” मग मान खाली घालून म्हणाला, “पुढचं आठवत नाही, सर. पुढचं तेव्हाही येत नव्हतं.”

सगळ्या इमारतीने माना पुढे काढल्या. झाडावरचा कावळासुद्धा एक पाय वर धरून ऐकत होता.

“म्हणजे कचरा गेला कुठे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“हवेत,” मोरचूद म्हणाला. “द्रव्य नष्ट होत नाही. हेही सरांनीच शिकवलंय.”

बायको पुढे आली आणि आपल्या पदराने माझ्या कानातलं दही पुसायला लागली. पुसताना कान जरा जास्तच जोरात चोळला.

मी मात्र शेवटचा धागा सोडला नाही. “मग व्याही रोज पहाटे इथे काय करत होते? टॉवेल घालून?”

“सर,” व्याही हळूच म्हणाले, “तुमचा खड्डा भरत नाही, हे मला व्हरांड्यातून दिसत होतं. आमच्या विहीणबाईंचा, म्हणजे तुमच्या मंडळींचा, बाक जाणार, म्हणून बागेतली वाळकी पानं रोज आणून टाकत होतो. चारचौघांत टाकली असती तर तुम्हाला कमीपणा वाटला असता. म्हणून पहाटे. आज तेवढा उशीर झाला.”

“आणि दही?”

“ते विरजण. कचरा लवकर कुजावा म्हणून.”

“म्हणजे तुम्ही पानं टाकून खड्डा भरत होतात आणि दही ओतून रिकामा करत होतात?”

व्याह्यांनी जरा विचार केला. “आता तुम्ही म्हणता तर... हो, तसंच झालं.”

“म्हणजे कचरा तुमच्यामुळेच गेला! माझा संशय बरोबर होता!”

“आणि माझा तुमच्यावर होता!” व्याही एकदम खवळले. “मी रोज टाकतोय आणि वर येत नाही म्हटल्यावर मला वाटलं, हा माणूस खत गच्चीवर लपवतोय! दोनदा तुमची गच्ची तपासून आलो!”

“माझी गच्ची?”

“सवय आहे हो हाताला!”

मग सूनबाईला हसू फुटलं. विहीणबाईंनाही. चिरंजीवांनी मान वर करून प्रथमच आपलं मत दिलं. “दही वाया गेलं,” ते म्हणाले.

“हे सगळं ठीक आहे,” सेक्रेटरींनी टेप पुन्हा बाहेर काढली. “पण खड्डा भरलेला नाही. शब्द म्हणजे शब्द. हवेत गेलेला कचरा मी धरणार नाही. सिमेंट येणार!”

माझ्या पोटात खड्डा पडला, आणि तो मात्र चांगला खोल होता. बायकोचा हात माझ्या कानाशी थांबला. ती बाकाकडे बघत होती.

“कसलं सिमेंट?” मोरचूदने विचारलं.

“इथे गाडी उभी करायचीय,” सेक्रेटरी म्हणाले.

“इथे?” मोरचूदचा आवाज बदलला. “अहो, आत्ता ही गाडी आडवी होती म्हणून आम्ही तिकडे ढकलत बसलो. खरी आग असती तर? या कोपऱ्यात एकही गाडी उभी राहता कामा नये. ना पहिली, ना दुसरी. आमच्या माणसांना इथपर्यंत यायला वाट मोकळीच हवी. तसा कागद पाठवतो मी.”

“आणि झाड?” बायकोने विचारलं.

“झाडाने कुठे वाट अडवलीय, बाई? ते तर कडेला उभं आहे.”

सेक्रेटरींनी टेप सोडली. ती खळ्ळकन आत गेली आणि जाता जाता त्यांच्या बोटाला चिमटा काढून गेली.

अशा रीतीने झाड वाचलं. बायको बाकावर परत बसायला लागली, शेजारी विहीणबाई. खड्ड्यातून पुढे खत निघालं, काळंभोर, भुसभुशीत आणि इतकंसं, की अख्ख्या इमारतीच्या वाट्याला चिमूटभर येईना. म्हणून सगळं व्याह्यांच्या टोमॅटोंना दिलं. मी लोकांना आता सांगतो, की झाड विज्ञानाने वाचवलं. लोक जिना संपेपर्यंत मान डोलावतात.

सगळं स्थिरस्थावर झालं, असं मला वाटलं होतं. परवा दुपारी बायको हातात बिस्किटांचा डबा घेऊन आली.

“अहो, भरलेला डबा निम्मा झालाय.”

“असं?” मी वर्तमानपत्रामागून म्हणालो. “हवेमुळे होतं तसं. विघटन. सूक्ष्मजीव.”

“द्रव्य नष्ट होत नाही ना?”

“नाही. पण आकारमान पुष्कळ कमी होतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली. मला वाटलं, पटलं तिला. एवढ्या वर्षांच्या संसारात विज्ञानाचा काहीतरी संस्कार होणारच.

आज पहाटे जाग आली. पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेलो, दिवा न लावता वरच्या फळीवरचा डबा काढला आणि तपासाची सवय म्हणून दोन बिस्किटं उचलली. मग उजाडलं. डब्याच्या आतल्या बाजूला एक लाल रेघ दिसली. मी खाली पाहिलं.

ओट्यापुढे फरशीभर पीठ पसरलेलं होतं. आणि त्यात पावलं होती, दोन्ही माझी!